खिडकीतली मुंडकी

प्लास्टिकच्या पुतळ्यावर नवं डोकं बसवताना चेहरा छळत नाही तेवढी मान छळते. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही. पण चेहरा छापायला यंत्र आहे, रंगवायला बारीक कुंचला आहे, आणि बिघडलाच तर दुसरा छापता येतो. मान मात्र अर्धी आपली असते आणि अर्धी परक्याची. खालचा खुंट कुठल्याशा कंपनीने तिच्या नायकासाठी केलेला, वरचा खड्डा आपण आपल्या माणसासाठी कोरलेला. दोघांची गाठ पडते ती जेमतेम सेंटिमीटरभर जागेत, आणि पुतळा माणूस वाटणार की मोडकं खेळणं वाटणार, हे तिथेच ठरतं.

उद्योग काय आहे ते आधी सांगतो. अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे कोपर, गुडघे, मनगटं, घोटे वळणारा पुतळा, विकत घ्यायचा. त्याचं मूळ डोकं उपटायचं आणि थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं दुसरं बसवायचं. जगभर हा छंद करणारे लोक आहेत, आणि आमच्यासारख्यांच्या जिवावर नुसती धडं विकणारे आणि नुसती डोकी विकणारेही आहेत. चीनमधून येणाऱ्या डोक्यांवर बहुतेकदा नाव नसतं. चेहरा एखाद्या नटाचा स्वच्छ ओळखू येतो, पण पाकिटावर नुसतं ‘सैनिकाचं डोकं’ लिहिलेलं. परवान्याचे पैसे वाचवायची युक्ती. मला नट नको असतात. दुकानात लोखंडी चिलखतवाला मिळतो, कोळीमाणूस मिळतो. मित्राचे वडील मिळत नाहीत. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आमच्या घरी याला कुणी छंद म्हणत नाही. छापलेलं डोकं अल्कोहोलमध्ये धुऊन अतिनील प्रकाशात पक्कं करावं लागतं. त्यासाठी दिवे मिळतात, माझ्याकडेही आहे, पण कोवळी उन्हं फुकट असताना दिवा कशाला जाळा, म्हणून मी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत काडीला टोचून ठेवतो. आईचं म्हणणं एकच: “संध्याकाळी दिवा लावायच्या आत ती मुंडकी तिथून उचल.” खालून जाणाऱ्या इस्त्रीवाल्याने एकदा थांबून विचारलं होतं, हे कशावर उपाय म्हणून ठेवलंय?

या सगळ्याचा मूळपुरुष जी. आय. जो. हॅस्ब्रो कंपनीने तो १९६४ मध्ये अमेरिकेत आणला. जवळपास १२ इंची, २१ हलते भाग असलेला, आणि काही झालं तरी ‘बाहुली’ म्हणायचं नाही अशी कंपनीची सक्त ताकीद, कारण मुलगे बाहुल्या घेत नाहीत. ‘अ‍ॅक्शन फिगर’ हे नाव त्या लाजेतून आलं. मला त्यातली गमतीची गोष्ट वेगळीच वाटते. शिपाई, खलाशी, मरीन आणि वैमानिक असे चार जो बाजारात आले, आणि चौघांचं डोकं एकच होतं. केसांचा रंग बदलायचा, गणवेश बदलायचा, झालं. गालावर एक व्रण दिला होता, कारण माणसाच्या आकृतीवर हक्क सांगता येत नाही, व्रणावर सांगता येतो. उजव्या अंगठ्याचं नख तर उलट्या बाजूला, तळहाताकडे होतं. कारागिराच्या हातून राहून गेलेली चूक, पण नकला पकडायला तीच कामी आली.

१९७० च्या दशकात मेगो नावाच्या कंपनीने उलटा हिशेब मांडला. आठ इंची धड सगळ्यांना एकच, कपडे आणि डोकी तेवढी वेगळी. एकाच साच्यातून निघालेल्या छातीवर आज वटवाघूळमाणूस, उद्या वानर. आणि २०२२ मध्ये हॅस्ब्रोने फॉर्मलॅब्ज या प्रिंटर कंपनीला हाताशी धरून गिऱ्हाइकालाच डोकं मागितलं. फोनने स्वतःचा चेहरा टिपायचा, यादीतून पात्र निवडायचं, साधारण ६० डॉलर भरायचे, की सहा इंची नायकाच्या धडावर तुमचं डोकं छापून घरी येणार. कल्पना सुरेख आहे. पण त्यांच्या जाहिरातीतले पुतळे पाहताना मला प्रत्येक वेळी लग्नाच्या हॉलबाहेरचा तो रंगवलेला पुठ्ठा आठवतो, ज्याच्या भोकातून तोंड बाहेर काढून फोटो काढतात.

आमच्या पिढीचा पहिला मुंडकेबदल गोव्याच्या कृपेने झाला. फनस्कूल ही तेव्हा एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतली कंपनी, कारखाना गोव्यात, आणि त्यांनी काढलेले पावणेचार इंची जी. आय. जो नव्वदीतल्या मुलांच्या दप्तरांत असायचे. रंग मूळ अमेरिकी मालापेक्षा भलतेच असत. आज त्या भलत्या रंगांसाठीच परदेशातले संग्राहक ते शोधत फिरतात. त्या पुतळ्याची रचना फार हुशारीची होती. पाठीत एक स्क्रू. तो काढला की छाती पुढची आणि पाठ मागची अशी दोन शिंपलं उघडायची, आत कमरेला धरून ठेवणारी काळी रबरी कडी, आणि वर दोन्ही शिंपल्यांच्या चिमटीत धरलेली डोक्याची गोळी. चष्मा दुरुस्त करायचा पेचकस असला की वर्गातल्या कुणाचंही डोकं कुणावरही बसायचं. कडी कुजून तुटली की आम्ही पाकिटाचं रबर घालायचो, मग सैनिक कमरेतून लुळा पडायचा, पण डोकं पक्कं असायचं. अमेरिकेत १९८५ पर्यंत या पुतळ्यांची मान नुसती डावी-उजवीकडे फिरायची, म्हणजे त्यांना फक्त नाही म्हणता यायचं. त्या वर्षापासून मानेत गोळी आली आणि सैनिकांना होकार देता यायला लागला.

आताची मान इतकी सरळ राहिलेली नाही. कुठे साधी गोळी, कुठे डंबेलसारखा दोन टोकांचा खुंट, कुठे खाली बिजागरी आणि वर गोळी. १२ इंची धडांमध्ये तर मूळ वादच वेगळा: मान धडाची की डोक्याची? काही विक्रेते मानेसकट डोकं देतात, काही हनुवटीखाली छाटलेलं. मानेसकट डोकं आणि मानेसकट धड एकत्र आलं की जिराफ होतो. मग करवतीने धडाची मान कापायची. ती कापताना आई खोलीत नसलेली बरी.

छापणं हा त्या मानाने शहाणा भाग. खऱ्या माणसाचं डोकं टाळूपासून हनुवटीपर्यंत २२-२३ सेंटिमीटर धरलं, तर १२ इंची पुतळ्याच्या, म्हणजे एक षष्ठांश, प्रमाणात ते ३८ मिलिमीटरच्या आसपास येतं. प्रिंटरच्या तळाशी पडदा, त्यावर रेझिनचं, म्हणजे प्रकाशात घट्ट होणाऱ्या द्रवाचं, भांडं, आणि पडद्यातून येणाऱ्या ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाने एकेक थर घट्ट होतो. थर ०.०५ मिलिमीटरचा ठेवला तर डोक्याला साडेसातशेहून जास्त थर लागतात. डोकं सरळ उभं छापायचं नसतं. मागे कलतं ठेवायचं, चेहरा वर, म्हणजे आधाराच्या काड्या मागच्या केसांत रुततात आणि त्यांचे व्रण केसांत लपतात. आतून पोकळ करायचं, पण पातळ द्रव बाहेर पडायला भोक ठेवायचं. नाहीतर आत अडकलेलं रेझिन महिन्यांनी कवटी फोडून बाहेर येतं. हे भोक मानेच्या खड्ड्यातच काढलं की कुणाला दिसत नाही.

जोडणीला खरा वेळ लागतो. कंपनीचं डोकं मऊ पीव्हीसीचं असतं. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवलं की ते रबरासारखं होतं आणि गोळीवर आपसूक चढतं. रेझिनला ती शालीनता नाही. थोडा जोर जास्त झाला की कानामागून तडकतं, आणि आवाजही असा होतो की शेजारच्या खोलीतून विचारणा होते. खड्डा गोळीपेक्षा पाव मिलिमीटर मोठा ठेवायचा हे पुस्तकी उत्तर. व्यवहारात रेझिन आकसतं, गोळीवर रंग चढतो, धडाधडांत फरक असतो. परदेशी लोक यासाठी कसल्या कसल्या पुट्ट्या मागवतात. आपल्याकडे नळवाल्याचं एम-सील आहे. गोळीला व्हॅसलिन चोपडायचं, खड्ड्यात मळलेलं एम-सील भरायचं, डोकं हव्या त्या कोनात दाबायचं, आणि ते दगड व्हायच्या जरा आधी फिरवून सोडवायचं. खड्डा त्या गोळीच्याच मापाचा होतो. सैल राहिलं तर गोळीवर नळाची पांढरी टेप, किंवा फेव्हिक्विकचा पातळ हात देऊन पूर्ण वाळू द्यायचा. पूर्ण म्हणजे पूर्ण. ओला असताना बसवलात तर तो माणूस आयुष्यभर एकाच दिशेला बघेल.

मित्राचे वडील एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या वाढदिवसाला त्यांचा १२ इंची पुतळा करायचा असं ठरलं. मित्राने चारही बाजूंनी फोटो दिले, त्यावरून संगणकात डोकं घडवलं. चेहरा पहिल्याच छपाईत इतका हुबेहूब आला की मित्राची बायको म्हणाली, आता हे ओरडतील. खाकी शर्ट-पँट आमच्या टेलरने हौसेने शिवून दिली. चिमुकली चामड्याची पिशवी, तिकिटांची पेटी, सगळं झालं. काकांनी चष्मा पुसून पुतळा हातात घेतला, पुढून पाहिला, मागून पाहिला आणि म्हणाले, “चेहरा माझाच आहे रे. पण हा माणूस एसटीत कधी उभा राहिलेला दिसत नाही.”

मी पुतळा परत आणला. काका मला न्याहाळायला देत होते, मी त्यांना न्याहाळलं. बाजारातली धडं साधारण सहा फुटी माणसाच्या प्रमाणात असतात, कारण ती सैनिकांची आणि नायकांची असतात. काका सव्वापाच फूट. सहा फुटी धडावर त्यांचं मापातलं डोकं म्हणजे शरीराच्या आठव्या हिश्शाएवढं, पैलवानावर ठेवलेलं लिंबू. डोकं साधारण चौदा टक्के मोठं छापलं की तो हिशेब जमतो. मात्र मग हातही मोठे लावावे लागतात. पण खरी गोष्ट मापात नव्हतीच. गर्दीच्या गाडीत पेटीत पाहून तिकीट फाडण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे त्यांची मान पुढे आलेली आहे. पट्ट्याच्या ओझ्याने डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. आणि नजर वर करताना ते डोकं उचलत नाहीत, फक्त डोळे उचलतात. मी सैनिकाच्या ताठ मानेवर त्यांचा चेहरा ठेवला होता. तो चेहरा त्यांचा होता आणि ताठा सैन्याचा.

यावर उपाय चेहऱ्यात काहीच करायचा नव्हता. संगणकातल्या डोक्यात मानेचा खड्डा दोन-तीन मिलिमीटर मागे, गुद्दीकडे सरकवला. खड्डा मागे गेला की डोकं पुढे येतं. थोडा खोल केला, मान आखूड झाली. धडाचा डावा खांदा आत दाबून एम-सीलची बारीक पाचर मारली. डोळे आधीच रंगवलेले होते. बुबुळं थोडी वर सरकवून पुन्हा काढली. पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करणारा कारागीर वेगळा असतो आणि त्याचा मान वेगळा असतो, ते का, हे त्या संध्याकाळी मला पटलं. बाकी सगळी मूर्ती चार हातांची, डोळे एका हाताचे.

त्या दिवसांत वेताळाची एक गोष्ट सारखी मनात येत होती. देवीच्या देवळात एका बाईचा नवरा आणि तिचा भाऊ दोघांनीही आपापली शिरं वाहिलेली. देवी प्रसन्न होऊन बायकोला म्हणते, शिरं धडांना लाव, जिवंत करते. बाई घाईत अदलाबदल करते. आता नवरा कोणता? राजा उत्तर देतो, ज्याच्यावर नवऱ्याचं डोकं तो नवरा, कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ. वेताळ समाधानाने उडून झाडावर जातो. मला वाटतं वेताळ फार लवकर गेला. त्या बाईला विचारायला हवं होतं. चालण्यावरून, जिना चढण्यावरून, अंधारात खोकण्यावरून माणूस ओळखणारी तीच होती.

राजासारखंच रोमन सम्राट कॅलिग्युलालाही वाटत होतं. ग्रीसमधून देवांच्या नामांकित मूर्ती आणवून त्यांची डोकी काढून स्वतःची बसवायचा हुकूम त्याने सोडला होता, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो. रोमन मूर्तिकारांना हे तंत्र सवयीचं होतं. संगमरवरी धडाच्या गळ्यात खड्डा आणि वेगळ्या घडवलेल्या डोक्याखाली खुंट, म्हणजे माझ्याच टेबलावरचा मामला, फक्त टनावारी. याच्या अगदी उलट टोकाला मथुरेच्या संग्रहालयातला कनिष्क उभा आहे. १९११ मध्ये मथुरेजवळ माट इथे तो सापडला, तेव्हापासून त्याला डोकं नाही. घोळदार कोट, जाडजूड बूट बाहेर फेकलेले, एक हात गदेवर, एक तलवारीवर. कोटाच्या खालच्या भागावर ‘महाराज राजातिराज देवपुत्र कनिष्क’ असं कोरलेलं आहे हे खरं, पण ती ओळ वाचता न येणारा शाळकरी मुलगासुद्धा पाठ्यपुस्तकातलं चित्र पाहून सांगतो, हा कनिष्क. चेहरा कधी कुणी पाहिलेला नसताना.

रंगाचा विषय मी थोडक्यात उरकतो, कारण त्यावर चिडचिड होते. बाजारातली बहुतेक धडं गुलाबीसर. गडद हवी तर मिळतात, पण मग एकदम गडद. पुणे-सातारा-सोलापूर दरम्यानच्या कातडीची छटा कुणाच्या यादीत नाही. १९६५ मध्ये हॅस्ब्रोने पहिला कृष्णवर्णी जो काढला तेव्हा साचा तोच गोऱ्याचा ठेवून फक्त प्लास्टिकचा रंग बदलला होता. आपल्याला निदान चेहरा तरी खरा करता येतो. मात्र चेहऱ्याशी जुळायला हात रंगवावे लागतात, आणि सांध्यावर रंग घासून निघतो. म्हणून माझे सगळे पुतळे पूर्ण बाह्यांचे. पावसाळ्यात तर वार्निश फवारायचं नावच काढायचं नाही. दमट हवेत त्यावर पांढरं धुकं धरतं आणि माणूस पावडर लावून बसल्यासारखा दिसतो.

लोक विचारतात, महाराजांचा करून दे ना, दिवाळीत किल्ल्यावर ठेवू. मी नाही म्हणतो. किल्ल्यावरचे महाराज कुंभाराकडून येतात, मातीच्या एकाच गोळ्यातून सिंहासनासकट घडलेले, आणि ते तसेच बरे. माझ्या पद्धतीत डोकं आधी वेगळं होतं. ते पकडीत धरावं लागतं, टोचावं लागतं, खिडकीत वाळत घालावं लागतं. काही डोकी मला तशी बघवणार नाहीत. यात तर्क किती आणि संस्कार किती हे मी तपासायला गेलेलो नाही. नातेवाइकांची चालतात, शेजाऱ्यांची चालतात, माझं स्वतःचं तर सरावासाठी कितीतरी वेळा छापलंय.

काकांचा दुरुस्त पुतळा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. पाठमोरा धरला, खाली आलेल्या डाव्या खांद्यावर बोट फिरवलं आणि बायकोला हाक मारली, “अगं बघ, हा दुखतोय.” मग लगेच भानावर येऊन बिल्ला चुकीच्या खिशावर लावलाय म्हणून माझी हजेरी घेतली. बिल्ला जागेवर आला. पुतळा आता त्यांच्या टीव्हीच्या कपाटावर उभा असतो, आणि संध्याकाळी जमणाऱ्या निवृत्त मंडळींत त्याची चर्चा झाली आहे.

त्यातूनच परवा त्यांच्या जुन्या गाडीचे ड्रायव्हर आले. त्यांनाही हवाय, पण बसलेला. स्टेअरिंगसकट. इथे नवी पंचाईत आहे: खुर्चीत नीट बसेल इतकी मांडी वर येणारं धड शोधावं लागेल, कारण बरीचशी धडं उभं राहून लढण्यासाठी केलेली, बसली की मागे कलंडतात. फोटो त्यांनी पासपोर्टचे आणले होते. मी ते परत दिले आणि त्यांना आमच्याच खुर्चीत बसवून हातात ताट धरायला लावलं. ताट स्टेअरिंगसारखं धरल्याबरोबर त्यांची कंबर जरा पुढे सरकली, उजवं कोपर बाहेर गेलं, आणि नसलेल्या आरशाकडे मान वळली. मी मोजपट्टी घेतली.